अजिंक्यपत्र

शनिवार पेठेत वाद घालायला विषय लागत नाही, फक्त समोर दुसरा माणूस लागतो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर, मेहुणपुऱ्याच्या तोंडाशी किंवा ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला संध्याकाळी चार जण चहा घेत उभे राहिले, की बोलणं क्रिकेटवरून सुरू होतं. त्यांतला एखादा तालमीत घाम गाळलेला निघाला, तर ते कुस्तीवर येतं आणि तिथून हलत नाही. प्रश्न ठरलेला असतो. अमक्या पैलवानानं त्याच्या काळात कुणाला उभं राहू दिलं नाही, हे कबूल. पण म्हणून त्याला आजवरच्या थोरांच्या पंगतीला बसवायचं का?

मुष्टियुद्धाच्या जगात हा वाद शंभर वर्षं चालू आहे. तिथे पैलवानाच्या जागी हेवीवेट विजेता असतो आणि चहाच्या जागी दुसरं काही. आमच्या पेठेत मात्र हा वाद त्याहून जुना आहे, कारण त्याची पहिली फेरी खुद्द शनिवारवाड्याच्या दारात झाली, असं सांगतात.

गोष्ट दुसऱ्या बाजीरावाच्या काळातली, म्हणजे १७९६ ते १८१८ या दरम्यानची. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यात आले. वाटेतले आखाडे त्यांनी साफ केले होते. पेशव्यांच्या दरबारात त्यांनी मागणी ठेवली, की आमच्याशी लढायला माणूस द्या, नाहीतर अजिंक्यपत्र लिहून द्या. पुण्यातले नावाजलेले पैलवान खाली बघू लागले. तेव्हा बाळंभट देवधर नावाचा एक पोरगेलासा ब्राह्मण पुढे आला. त्यानं थोडी मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन अनुष्ठान केलं, आणि तिथे प्रत्यक्ष मारुतीनं वानररूपात लाकडी खांबावरच्या उड्या आणि पकडी त्याला दाखवल्या. परत आल्यावर त्यानं अलीला चीत केलं. ते बघून गुलाबनं लंगोट चढवलाच नाही.

मारुतीचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. बाळंभटदादा देवधर हा माणूस खरा, तो दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होता हे खरं, आणि मल्लखांबाला आजचं रूप त्यानं दिलं हेही मल्लखांबवाले एकमुखानं मानतात. खांब त्याच्या आधीही होता. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासात मल्लांच्या सरावाच्या खांबाचा उल्लेख येतो. पण तो पुन्हा उभा केला बाळंभटानं. पेशवाई बुडाल्यावर बाजीराव बिठूरला गेला, तिथे ही विद्या गेली, आणि बाळंभटाच्या शिष्यांमार्फत काशीच्या आखाड्यांतही पोचली.

मला या गोष्टीत सगळ्यात रस वाटतो तो अजिंक्यपत्रात. कागदाचा तुकडाच तो, पण त्यात एक मोठी लबाडी दडलेली आहे. अजिंक्यपत्र दोन तऱ्हेनं मिळतं. सगळ्यांना पाडलं तर मिळतं, आणि कुणी लढायला आलंच नाही तरी मिळतं. कागदावर दोन्हींचा शिक्का सारखाच उमटतो. पुढे दोनशे वर्षांत जगभर जे वाद झाले, ते बहुतेक या एका शिक्क्यावरून झाले आहेत.

रॉकी मार्सियानोचं उदाहरण घ्या. हेवीवेटचा हा अमेरिकन विजेता १९५६ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ४९ लढती होत्या आणि ४९ विजय. याहून कोरं करकरीत अजिंक्यपत्र सापडायचं नाही. पण जाणकार विचारतात, पाडलं कुणाला? १९५१ मध्ये त्यानं जो लुईला पाडलं तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता आणि कर्जापायी पुन्हा रिंगणात उतरलेला होता. ज्याच्याकडून किताब हिसकावला तो वॉलकॉट ३८ वर्षांचा. शेवटच्या लढतीतला आर्ची मूरही निदान त्याच वयाचा. आता याच लुईकडे वळा. जवळजवळ बारा वर्षं तो विजेता होता आणि २५ वेळा त्यानं किताब राखला. तरी त्याच्या भर काळात वार्ताहर कुचेष्टा करत, की लुई महिन्याला एक लिंबूटिंबू गाठतो आणि झोपवतो.

सर्वांत हाल झाले लॅरी होम्सचे. १९७८ पासून सात वर्षं त्याच्या डाव्या हाताच्या सरळ ठोशाला उत्तर नव्हतं. ४८ विजय, पराभव शून्य. मार्सियानोची बरोबरी एका लढतीवर आली असताना १९८५ मध्ये मायकेल स्पिंक्सनं त्याला गुणांवर हरवलं. स्पिंक्स तोवर त्याहून हलक्या वजनगटाचा विजेता होता. होम्सला लोकांनी कधी डोक्यावर घेतलं नाही. त्याचा सगळ्यात गाजलेला विजय मुहम्मद अलीवरचा, १९८० सालचा, आणि तेव्हाचा ३८ वर्षांचा थकलेला अली पाहून होम्सचे चाहतेसुद्धा हळहळले. याउलट अलीच्या नावावर पाच पराभव आहेत. पाच! त्याचं अजिंक्यपत्र केव्हाच फाटलं होतं. पण त्याच्या समोर फ्रेझर होता, नॉर्टन होता, फोरमन होता. फ्रेझरशी तीनदा, नॉर्टनशी तीनदा तो भिडला आणि दोघांकडूनही एकेकदा हरला. थोरांची यादी करायला बसलं की अली वरती असतो आणि होम्स खाली कुठेतरी.

आपल्या फडावरच्या भाषेत याला एक साधा शब्द आहे, ‘जोड’. जत्रेच्या फडात जोड लावणारा अनुभवी माणूस असतो. तो दोन्ही पोरांचे खांदे चाचपतो, मांड्या बघतो, वय विचारतो आणि मगच हात मिळवून देतो. जोड चुकली की पब्लिक आरडाओरडा करतं आणि हलगीवालासुद्धा हात आखडता घेतो. मराठीत जोड म्हणजे प्रतिस्पर्धीही आणि तोडीचा माणूसही. एकाच शब्दात दोन्ही अर्थ बसवणाऱ्यांना कुस्ती कळत होती. होम्सला जोड मिळाली नाही, हे त्याचं दुर्दैव. त्यात त्याचा दोष काय, असं विचाराल तर काही नाही. पण यादी दोषांची करायची नसून थोरवीची करायची आहे, आणि थोरवी एकट्यानं सिद्ध होत नाही.

गामा पैलवानाच्या बाबतीत हा वाद आणखी मजेदार होतो. १९१० मध्ये तो लंडनला गेला आणि तिथल्या भल्याभल्यांना त्यानं आव्हान दिलं. अमेरिकन रोलरला त्यानं पाडलं. मग पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को समोर आला आणि चक्क पोटावर पडून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ गामा त्याला उलथवायला बघत होता. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानं पुन्हा लढायचं ठरलं, तेव्हा झ्बिस्को फिरकलाच नाही. त्या काळचा अमेरिकेचा मोठा मल्ल फ्रँक गॉच गामाशी लढलाच नाही. पुढे १९२८ मध्ये पतियाळ्याला झ्बिस्को आला, तेव्हा गामानं त्याला मिनिटाच्या आत चीत केलं. आता हिशेब करा. दोघंही पन्नाशीच्या आसपास होते. गामाच्या अजिंक्यपत्रावर कुणी बोट ठेवू शकत नाही. पण त्याच्या ऐन उमेदीत पाश्चात्त्य जगातला तोडीचा माणूस त्याच्या हाती लागला एकदाच, आणि तोही जमिनीला चिकटून बसलेला. मी गामाला यादीत घेतो. पण त्याचे भक्त ज्या खात्रीनं तो पहिला म्हणतात, ती खात्री त्यांनी कुठून आणली हे मला कळत नाही.

आता आपल्या घरी येऊ.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळांच्या पुढाकारानं स्थापन झाली आणि १९६१ मध्ये औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली. तिच्या विजेत्याला मिळणाऱ्या चांदीच्या गदेचं आपल्याकडे एवढं वेड, की पैलवानाचं मोठेपण मोजायला दुसरं माप लोकांना सुचतच नाही. गदा किती, एक की दोन? नरसिंग यादवनं २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं ती खांद्यावर घेतली, तेव्हा असं पहिल्यांदाच घडलं होतं. लगेच पुढची तीन वर्षं चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरीनं तोच पराक्रम केला. मग प्रश्न सुटलाच की! दोघेही थोर, दोघेही बरोबरीचे.

इतकं सोपं असतं तर हे प्रकरण लिहायची गरज नव्हती. नरसिंग आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ७४ किलो गटात खेळायचा. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला सुवर्ण मिळालं आणि २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य. म्हणजे ७४ किलोचा म्हणून जगात उतरणारा माणूस राज्यात धिप्पाड गड्यांच्या गटात गदा जिंकत होता. विजयचं घरच्या आखाड्यावरचं वर्चस्व त्याच्याइतकंच निर्विवाद, पण जागतिक पदकांच्या यादीत त्याचं नाव नाही. गदा सारख्या, जोड वेगळी. पण नरसिंगच्या खात्यात दुसरीही नोंद आहे. २०१६ मध्ये उत्तेजक चाचणीत तो दोषी ठरला, आणि जेवणात कुणीतरी मिसळलं हा त्याचा दावा क्रीडा लवादानं न मानता रिओ ऑलिम्पिक चालू असतानाच त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. ही नोंद खोडता येत नाही. मी ती बाजूला ठेवून त्याला पंगतीत बसवतो, पण पान मांडताना हात थोडा अडखळतो.

शिवाय गदेची वेगळीच गंमत झाली आहे. २०२३ च्या जानेवारीत कोथरूडला राजगुरुनगरचा शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुण्याजवळ फुलगावला एक महाराष्ट्र केसरी झाली, तिथे सिकंदर शेखनं शिवराजला काही सेकंदांत आस्मान दाखवलं. आणि त्याच महिन्यात धाराशिवला संघटकांच्या दुसऱ्या गटानं भरवलेल्या स्पर्धेत शिवराज पुन्हा महाराष्ट्र केसरी झाला. एका महिन्यात दोन केसरी! व्यावसायिक मुष्टियुद्धात चार संघटना चार पट्टे वाटतात आणि खरा विजेता कोण हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून आपण हसायचो. आता हसायची सोय राहिली नाही.

पण गदेवरचा माझा खरा आक्षेप हा नाही. तो वजनाचा आहे.

महाराष्ट्र केसरीचा गट खुला म्हणतात, पण तो जड मल्लांपुरताच खुला आहे. सध्या ८६ किलोच्या खालच्याला त्यात थारा नाही. म्हणजे हलक्या वजनाच्या मल्लानं जग जिंकलं तरी गदा त्याच्या वाट्याला येणार नाही. मुष्टियुद्धवाल्यांनी यावर एक तोडगा काढला. शुगर रे रॉबिन्सन हा मध्यम वजनाचा खेळाडू इतका अफाट होता, की वजन सारखं धरलं तर सगळ्यात श्रेष्ठ कोण, असा प्रश्नच त्यांनी रूढ केला आणि उत्तर त्याचं दिलं. आपल्याकडे हा प्रश्न विचारायची रीत नाही. मानसोल्लासात मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल असे वर्ग सांगितलेत. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी आम्ही वर्ग पाडले, आणि तरीही थोर म्हणायची वेळ आली की नजर फक्त थोरल्याकडे जाते.

म्हणूनच राहुल आवारेचं नाव शनिवार पेठेतल्या वादात उशिरा निघतं. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा हा पोरगा पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत हिंदकेसरी हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली घडला आणि त्यांच्यानंतर काका पवारांकडे. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ५७ किलोत सुवर्ण आणलं, पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. गदा नाही. ती त्याला मिळूच शकत नव्हती.

आणि त्याच्या ६६ वर्षं आधी, त्याच ५७ किलोच्या गटात, खाशाबा जाधव.

कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पोरगा १५ जानेवारी १९२६ चा. १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला गेला तेव्हा त्याचं शरीर मातीत घडलेलं होतं. गादी आणि माती यांत फरक किती, ते सांगायला हवं. मातीत पाय रुततो, अंग घसरतं, निकाल लागतो तो पाठ टेकली की. कुस्ती तासभर चालली तरी चालते. गादीवर पाय उडतो, घड्याळ पळतं, पंच गुण मोजतात, आणि मातीत ज्या पकडीला कुणी दाद दिली नसती तिलाही गुण पडतो. असा गडी लंडनला सहावा आला. हे सहावं स्थान लोक विसरतात, पण मला त्याच्या पदकाइतकंच ते मोठं वाटतं.

हेलसिंकीच्या वेळी, १९५२ मध्ये, निवडीतच त्याला डावललं होतं. ज्याला निवडलं त्याच्याशी पुन्हा लढत लावा, म्हणून त्यानं दाद मागितली, ती मिळाली आणि त्यानं गड्याला पाडलं. मग पैशाचा प्रश्न आला. गावानं झोळी फिरवली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबानं कॅनडाचा, मेक्सिकोचा आणि जर्मनीचा गडी मागे टाकला. मग जपानचा शोहाची इशी समोर आला. खूप वेळ रेटारेटी झाली आणि इशी जिंकला. पुढची कुस्ती सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो पंचांना सुनवायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगतात. दमलेला खाशाबा तसाच उभा राहिला आणि हरला. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य, खाशाबाला कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं.

परत आल्यावर कराडहून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, १५१ गाड्या होत्या म्हणतात. मग खाशाबानं कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. १९५५ मध्ये तो पोलिसात फौजदार म्हणून लागला. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात गेला. अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला तो गेल्यावर.

कट्ट्यावर यावर एक ठरलेला प्रतिवाद येतो आणि तो टाकाऊ नाही. माती सोडून गादीच्या मापानं मोजायचं असेल, तर ज्यांनी कधी गादी पाहिलीच नाही त्या जुन्या मल्लांचं काय? ते काय कमी होते? याला माझं उत्तर जकार्त्यात आहे. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सांगली जिल्ह्यातले मातीतले दोन गडी गेले. पुनवतचे गणपत आंदळकर १९६० चे हिंदकेसरी होते. कवठेपिरानचे मारुती माने पुढे १९६४ मध्ये हिंदकेसरी झाले. आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवलं. मान्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही, म्हणजे एकेरी पट नाही, आकडी नाही, मातीतले निम्मे डाव बाद. तरी दोघं पदकं घेऊन आले. म्हणजे खरा मल्ल अंगण वाकडं म्हणून अडत नाही. ज्यांना संधीच मिळाली नाही, त्यांच्याबद्दल आदर ठेवावा आणि यादी कोरी ठेवावी.

बाळंभटाचं काय करायचं मग? त्याची एक कुस्ती आपल्याला माहीत आहे, तीही आख्यायिकेतून. अली आणि गुलाब कितपत होते, त्यांनी आधी कुणाला पाडलं होतं, याची नोंद नाही. मल्ल म्हणून मी त्याला यादीत घेत नाही, म्हटल्यावर शनिवार पेठेतले काही लोक माझ्याशी बोलणं सोडतील. वस्ताद म्हणून विचाराल तर त्याच्या जवळपास कुणी नाही. आज पुण्यात निंबाळकर तालीम, नगरकर तालीम ही नावं चौकांना चिकटून राहिली आहेत आणि त्या चौकांत सिग्नलला थांबणाऱ्यांना शड्डूचा आवाज माहीत नाही. बाळंभटाचा खांब मात्र गल्लोगल्लीच्या शाळांत उभा आहे आणि त्यावर मुली चढतात.

तर माझी यादी. मराठी मुलखातल्या मल्लांत आंदळकर आणि माने एका पानावर, त्यांत डावं-उजवं मी करणार नाही. राहुल आवारे त्यांच्या शेजारी, गदा असो वा नसो. नरसिंग त्या पंगतीत, पण टोकाला. तीन गदांचा विजय त्याच्या काळातला सर्वांत भारी गडी, पण या पंगतीत नाही. आणि सगळ्यांच्या वर खाशाबा जाधव. अजिंक्यपत्र मागायला तो कधी शनिवारवाड्यावर आला असता, तर त्याला ते मिळालं नसतं. हेलसिंकीत तो दोनदा हरला होता.